पहिली दोन मिनिटं पळतो

दादाला मी बोलावलं होतं ते बाबांना बघायला, कॉम्प्युटरला नाही. पण आमचा दादा म्हणजे उंटावरचा शहाणा. पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत तो माझ्या स्क्रीनसमोर जाऊन उभा राहिला आणि कुजबुजला, "ठिणगे, हे एवढं हळू? हाताने रंगवलं असतंस तर आत्तापर्यंत झालं असतं."

ठिणगी म्हणजे मी. माझ्या रागाकडे बघून बाबांनीच ठेवलेलं नाव. आणि खरंच सांगते, त्या दुपारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नव्या ग्रंथालयाच्या इमारतीचं वॉकथ्रू करायचं होतं, म्हणजे बांधायच्या आधीच दारातून आत शिरून वरच्या मजल्यापर्यंत फिरून यावं, असा छोटा चित्रपट. त्यातलं एकेक चित्र कॉम्प्युटर शिजवत बसला होता. सहाला ते आर्किटेक्ट मॅडमच्या हातात पडायला हवं होतं. बाबांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी मॅडमचं ऑफिस सोडलं, त्यानंतर हे पहिलं काम. देताना त्या म्हणाल्या होत्या, "जमणार नसेल तर आत्ताच सांग. एकदा मी तोंडघशी पडले तर पुन्हा तुझं नाव घ्यायची सोय राहणार नाही." मी छातीठोकपणे हो म्हटलं होतं. आता स्क्रीनवरचा अंदाज सात वाजून गेल्यावरची वेळ दाखवत होता.

"सरक," दादा म्हणाला. "ओव्हरक्लॉक करून देतो. प्रोसेसरला कंपनीने जेवढं पळायला सांगितलंय ना, त्यापेक्षा जास्त पळवायचं. तासाभराचं काम पाऊण तासात."

"बिघडला तर?"

"बिघडत नाही गं. माझा दोन वर्षं तसाच चाललाय."

गरजवंताला अक्कल नसते. मी काम थांबवलं आणि सरकले.

त्याने आकडे वाढवले, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, चाचणी लावली. चाचणी भराभर संपली. दादाने कॉलर ताठ केली. मी चित्रं पुन्हा सुरू केली, पहिली दोन फटाफट बाहेर पडली, आणि मला वाटलं, वाचले बाई. मग तिसरं रेंगाळलं. चौथं त्याहून. पाचव्याला तर आधीपेक्षाही जास्त वेळ लागला.

"हे काय?" मी म्हटलं. "आधीचंच बरं होतं की!"

"व्होल्टेज कमी पडत असेल." त्याने ते वाढवलं. पुन्हा तेच. पहिली दोन मिनिटं पळतो आणि मग बसकण मारतो.

"दादा, होतं तसं करून दे."

"थांब गं जरा."

"थांब काय थांब! माझं काम जाईल!"

"ओरडू नकोस, बाबा झोपलेत!"

खरं तर मी ओरडले नव्हतेच. आमच्या घरात भांडणसुद्धा कुजबुजत होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "यांना शांत ठेवा, घरात शांतता हवी." ते आम्ही इतकं मनावर घेतलं की दाराची बेलच काढून टाकली. मिक्सर न्हाणीघरात नेऊन दार लावून फिरवायचा. चपला दाराबाहेर, फोन थरथरण्यावर. दादा महिन्यातून एकदा यायचा, पण तोही उंबरठ्यापासून मांजराच्या पावलांनी चालायचा. बाबा आतल्या खोलीत, दार लोटलेलं. मी औषधं द्यायची, जेवण द्यायचं, उशी नीट करायची आणि पाऊल न वाजवता बाहेर यायचं.

दादाने तापमान बघितलं आणि भुवया वर केल्या. "अगं, हा भाजतोय! तापला की हा स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. आपण वाढवतोय आणि तो आतल्या आत पाय ओढतोय." मग कॅबिनेट उघडलं, प्रोसेसरवरचा कूलर काढला, दोघांमधली, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसली, खिशातून नळी काढून नवी लावली. म्हणजे नळी घेऊनच आला होता! घरातून निघतानाच त्याचा हात शिवशिवत होता तर.

मी दारात उभी राहून नखं खात होते. मॅडमचा फोन थरथरला. उचलला नाही. पुन्हा थरथरला. घेतला आणि हळूच म्हटलं, "होतंय, मॅडम."

"जरा मोठ्याने बोल ना, काही ऐकू येत नाहीये."

"होतंय!" मी तेवढ्याच आवाजात म्हटलं. मोठ्याने बोलायचं कसं, तेच विसरायला झालं होतं.

नव्या पेस्टनेही काही झालं नाही. पहिली दोन मिनिटं पळाला, मग बसला. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला जास्तच राग येतो. "तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला? येतोस महिन्यातून एकदा, आणि आलास की..."

दादा कॅबिनेटला कान लावून बसला होता. मग वळून माझ्याकडे बघायला लागला.

"पंखा फिरतोय," तो म्हणाला, "पण आवाज का नाही? एवढा तापल्यावर तर बोंब मारायला हवी त्याने."

त्याने पुन्हा सेटिंग उघडलं. खाली, कोपऱ्यात, पंख्यासमोर लिहिलं होतं: सायलेंट.

"हे कोणी केलं?"

मीच केलं होतं. बाबा घरी आले त्या आठवड्यात. रात्री पंखा घरघरायचा, भिंतीपलीकडे बाबांचा पलंग. घरातल्या इतर सगळ्या वस्तूंसारखं त्याचंही तोंड बंद करून टाकलं आणि विसरून गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पूर्ण वेगावर टाकू?" दादाने विचारलं. "आवाज होईल हं. चांगलाच होईल."

मी घड्याळाकडे बघितलं, लोटलेल्या दाराकडे बघितलं. "टाक," मी म्हटलं. "बाबांना मी सांगते."

पंखा सुरू झाला आणि मी दचकलेच. इतक्या महिन्यांत त्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. चित्रं धडाधड बाहेर पडायला लागली, तिसरं, चौथं, पाचवं, कुठेही न रेंगाळता. पण मी बघत बसले नाही. बाबांच्या खोलीकडे धावले.

बाबा उशीला टेकून बसले होते. डोळे टक्क उघडे.

"बाबा, सॉरी, थोडाच वेळ. माझं काम अडलंय म्हणून. संध्याकाळी बंद करते."

"कोण आलंय?"

"दादा आलाय. दुपारपासून."

"दुपारपासून?" ते दाराकडे बघत राहिले. "मग भांडलात कसे नाही?"

मला हसू आलं. "भांडलो ना. हळू भांडलो. तुम्ही झोपला होतात."

"मी कुठला झोपतोय दिवसभर," बाबा म्हणाले. "पडून असतो. बाहेर काहीच वाजत नाही. वाटतं, घरात कोणी नाही. गेले सगळे."

"अहो, मी इथे भिंतीपलीकडेच असते! हाक मारायची ना एक!"

बाबांनी पांघरुणाची घडी सरळ केली. पुन्हा एकदा केली.

"मारली असती गं," ते म्हणाले. "पण कोणी ओ दिली नाही तर?"

मी, जी दिवसातून दहादा त्या दाराशी कान लावून त्यांचा श्वास ऐकायचे, त्यांना एक आवाज देऊ शकले नव्हते. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावीशी वाटली. तिथेच, त्यांच्या पलंगाशी उभी राहून, मी छाती भरून घेतली आणि बोंबलले, "दादाऽऽ!"

"ओऽऽ!" दादा पंख्याच्या वरताण आवाज काढत बाहेरून ओरडला. "काय झालं? तुझं होतंय गं सहाच्या आत!"

बाबांनी माझं मनगट धरलं.

"अजून एकदा हाक मार," ते म्हणाले.