अभ्यासाला बसलेलं घर

दुसरीतल्या पुष्पांजलीने एक धडा तरी सलग वाचावा, एवढेच तिच्या आईचे, वंदनाचे, मागणे होते. उद्या तो वाचता आला नाही, तर बाई तिला पहिलीच्या मुलांत बसवणार होत्या. डोणगावच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधताना वंदनाचे कान आतल्या खोलीकडे होते. पोर वाचनात जरा रमली, की ओसरीवरून वंदनाचे सासरे अर्जुनराव गरजत, "चूप बसा बे, पोरगी वाचून राह्यली." मग सासू बिस्किटे नेऊन देई. वंदनाही विचारी, "लक्ष हाये ना तुयं?"

वाचन पुन्हा थांबले, तशी ती वैतागली. "एक ओळ धड होत नाही तुयी."

"होतच होती आई. तूच मंधात इचारतं," पुष्पांजली रडवेली झाली.

पुन्हा बिस्किटे घेऊन निघालेल्या सासूला वंदनाने हातानेच थांबवले आणि सासऱ्यांपुढे मेथीचा ढीग सरकवला. "मामाजी, जुड्या बांधा. बोलू नका."

"वा, आता मलेच अभ्यासाले बसवलं," ते पुटपुटले.

आतून अडखळत ओळी येऊ लागल्या. एका शब्दाशी पोर अडली. तो शब्द वंदनाच्या ओठांवर आला. दात आवळून तिने जुडीची गाठ घट्ट केली. बऱ्याच वेळाने शब्द ऐकू आला, अर्धाच बरोबर, आणि पोर न थांबता पुढच्या ओळीवर गेली.