इस्पितळात नेलेली हजेरी

रोसाल्बाची हजेरी मी दारावरून खरवडून पर्समध्ये घातली आणि अँब्युलन्समध्ये बसले. हजेरी म्हणजे एक गोल स्टिकर. घरी येणाऱ्या मदतनीस बाईने, म्हणजे रोसाल्बाने, त्याला फोन टेकवला की तिचा तास सुरू. पुल्या प्रांतातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेने म्हाताऱ्यांची कामं ठेक्यावर दिली तेव्हापासूनचं हे. मी इस्पितळात गेले की तिचा तास बुडतो. आजारी पडायचं मी आणि उपाशी राहायचं तिनं, हा कुठला न्याय?

म्हणून स्टिकर खाटेच्या दांडीला चिकटवला. रोसाल्बा नको नको म्हणत होती. मी तिचा फोन घेतला आणि टेकवला.

तिसऱ्या दिवशी ती माझे केस धूत असताना ठेकेदाराचा माणूस कोसिमो आला. सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, शिकलाय म्हणून. नाडी कुणाची धरली नाही.

"आजी, फोन ठिकाण सांगतो. इथे आमची सेवा नाही. इस्पितळाची माणसं आहेत ना."

"दाखव की. आल्यापासून डोक्याला पाणी नाही लागलं माझ्या."

"हे तास कापले जातील. आणि रोसाल्बाला ताकीद. पुढच्या ठेक्यात ठेवायचं का, तेही बघावं लागेल."

"तिचा काय दोष? मी टेकवला फोन. दोन बुकं शिकलेली बाई मी, मला काय कळतंय, असं लिही तुझ्या साहेबाला."

"तसं लिहिता येईल," तो म्हणाला. त्याचीही सुटका होत होती.

"नका लिहू," रोसाल्बा म्हणाली. "फोन माझा, मला माहीत होतं. मावशींना अडाणी ठरवून मला वाचायचं नाही."

"गप बस गं. मी चालवून घेतेय, तुझं काय जातंय?"

"मान मागे करा मावशी, डोळ्यात साबण जाईल."

कोसिमोने घड्याळ बघितलं. "आत्ताचाही वेळ धरला जाणार नाही, सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि दुसऱ्यांदा पाणी ओतलं. मग टॉवेल घेऊन बसली, एकेक बट सुटी करत. तो गेला तरी हिचं चालूच.

"ऊठ, घरी जा," मी ओरडले. "फुकटात कुणाचे केस पुसतेस? अशानंच यांचं फावतं."

"मग काय ओल्या डोक्यानं सोडू?" तीही माझ्यावर खेकसली.

 मी, कुणाचं न ऐकणारी आडोलोराता, मान मागे करून बसले.