सोजरबाईचे तोंड पश्चिमेला

"हात का चोळताय सारखं?" केराबाईने नवऱ्याला विचारले.

जोतीराम परातीतल्या पाण्यात दोन्ही हात बुडवून बसला होता. तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. पाणी लागले की चुरचुरत होते.

"पेटी सोडताना दोर घसरला."

"बावीस वरसांत कदी न्हाय घसरला तो?"

"पायाची बाजू माज्याकडं हुती. पण लई जड…"

तो थांबला. पायाची बाजू जड नसते. डोके, खांदे, छाती, माणसाचे सगळे वजन वरच्या अंगाला. बावीस वर्षांत त्याने पायाकडच्या दोराने हात सोलून घेतले नव्हते. त्याने पाण्यातून हात काढले, पण पुसले नाहीत.

"केरा, सोजराक्का उलटी ठिवली गं म्या."

*

उलटी म्हणजे काय, ते सांगायला हवे.

जोतीराम सोलापूरच्या ख्रिस्ती कबरस्तानात खड्डे खणतो. तिथली रीत अशी की डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला. प्रभू पूर्वेकडून येणार, तो आला की निजलेले उठणार, आणि उठून बसणाऱ्याचे तोंड आपोआप त्याच्याकडे असणार. इतरांना ती रीत होती. जोतीरामला ते काम होते, आणि ते काम बघायला मालक कुठल्याही दिवशी येऊ शकत होता. उद्या. आज दुपारी. म्हणून तो दर शुक्रवारी कबरींमधल्या वाटांवरचे सराटे उपटायचा. माणसे उठतील ती अनवाणीच उठतील, पहिल्याच पावलाला काटा नको. फाटकाला कुलूप लावायला त्याने चर्चच्या पाळकसाहेबांना साफ नकार दिला होता. "मालक आल्यावर किल्ली हुडकत बसू का?"

त्या कबरस्तानात एकाही माणसाची पाठ प्रभूकडे नव्हती.

कालपर्यंत.

*

काल.

सन एकोणीसशे तीसचा मे महिना, लष्करी कायदा. रस्त्यांवर गोरे शिपाई. प्रेत न्यायला पास मिळाला चार माणसांचा, आणि तोही सहाच्या आत घरी परतण्याच्या अटीवर. पेटी मिलमधल्या खोक्यांच्या फळ्यांची. दोन्ही टोके सारखी, म्हणून झाकणावर डोक्याच्या बाजूला कोळशाने फुली मारायची.

नाक्यावर शिपायाने पेटी खाली ठेवायला लावली. आत हत्यारे असतील. झाकण काढले. त्याने संगिनीच्या टोकाने चादर उचलली, सोजरबाईचा चेहरा पाहिला आणि दोन पावले मागे सरला.

"जाव, जाव!"

झाकण जोतीरामनेच परत बसवले. घाईत. फुलीवर त्याचा पक्का भरवसा होता, आणि फुली झाकणावर होती, पेटीवर नव्हे.

*

नोंदवही: सोजरबाई धुळाप्पा. वय अंदाजे साठ. ताप. तिसरी ओळ, शेवटची जागा.

दिशेचा रकाना नाही.

*

"कुणाला बोललास?" पाळकसाहेबांनी विचारले.

"केराला, साहेब."

"आणखी कुणाला बोलू नकोस. उकरायचं तर कलेक्टरचा हुकूम लागतो. या दिवसांत कोण जाणार त्याच्या दारात?"

"पर साहेब, आक्काची पाठ…"

"जोतीराम, प्रभूला काय दिशा असते का? तो साऱ्या आभाळात दिसणार आहे."

"मग आपन समद्यांना तसं का ठिवतो?"

"रीत आहे."

"निस्ती रीत?"

पाळकसाहेबांनी दार लोटून घेतले.

"साहेब, निस्ती रीत हाय का?"

"धुळाप्पा म्हातारा माणूस आहे. कालच बायको गेली त्याची. त्याच्या जिवाला घोर लावू नकोस. मी प्रार्थना करीन."

"करा साहेब. म्या जाऊन येतो."

*

धुळाप्पा चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. भाकरी मधोमध चिरली.

"सलाम, धुळाप्पाबा."

"सलाम. ये, बस. चाळीस वरसं तिला थापताना बगितलं, वाटलं सोपं हाय." त्याने चिरलेली भाकरी तशीच तव्यावर टाकली. "रानी हुती माजी. कदी शिकवलं न्हाय तिनं."

जोतीराम बसला नाही.

"माज्या हातनं चूक झालीया. आक्काचं डोकं उगवतीला गेलं."

धुळाप्पाने वर पाहिले.

"मग तोंड कुटं?"

"मावळतीला."

"आन् प्रभू येनार उगवतीनं."

"व्हय."

तव्यावरून धूर निघू लागला. दोघांनीही भाकरी उलटली नाही.

"बावीस वरसं ह्योच धंदा करतूस नव्हं? का तितं जाऊन हुतूतू खेळतूस?" धुळाप्पाचा आवाज चढला. "येकच गोष्ट हुती की रं, येकच! मिलमदी तिला कदी चांगली जागा गावली न्हाय. चाळीत न्हाय, दवाखान्यात न्हाय. म्हनलं, हितं तरी तिला सरळ जागा गावंल."

"मारा मला."

"तुला मारून ती वळंल का?"

धुळाप्पाने जळकी भाकरी हातानेच उचलून चुलीशेजारी टाकली, तव्याखालची लाकडे ओढली आणि काठी शोधली.

"चल. दाव."

*

ऊन चढले होते. नव्या मातीवर कुणीतरी कण्हेरीची फुले ठेवली होती, ती वाळून गेली होती. जोतीरामने हाताने दाखवले: इकडे डोके, तिकडे पाय.

धुळाप्पाने काठी टेकून मातीकडे पाहिले. मग त्याच्या घशातून एक आवाज आला. जोतीरामला वाटले रडतोय. पण म्हातारा हसत होता.

"तुला ठावं हाय का? मिलमदल्या साच्यांच्या आवाजानं कान गेलं हुतं तिचं. मागनं हाक मारून उपेग न्हाय. म्होरं जाऊन हुबा ऱ्हायचं, तोंडाकडं बगून तिला समदं कळायचं. आता प्रभूचा कर्णा वाजला तरी म्हनंल, आसंल कुनाचं लगीन."

"तितं कान बरं व्हतील की, बाबा."

"व्हतील. पर सवय?"

तो काठीने सोजरबाईच्या पायांकडची जमीन ठोकू लागला. तिथे कबर नव्हती, दोन ओळींमधली वाट होती.

"हितं काय हाय?"

"वाट हाय ती."

"वळव ती. मला हितं ठेव. तिच्या पायाला माजं पाय. माजं डोकं मावळतीला, रीतीपरमानं. पाळकसायबाचंबी काय म्हननं ऱ्हायचं न्हाय."

जोतीरामला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. दोघे उठणार. धुळाप्पाचे तोंड पूर्वेला, सोजरबाईचे पश्चिमेला. समोरासमोर.

"ती उटली की पयलं मीच दिसनार. आन् माज्या म्होरं, तिच्या पाठीमागनं…" धुळाप्पाने हनुवटीनेच पूर्वेकडे खूण केली. "मी सांगतो की तिला. मागं बग गं, कोन आलंय."

जोतीरामने वाटेकडे पाहिले. सरळ वाट होती, त्यानेच दोरी लावून आखलेली. चिंचेच्या बाजूने वळवली तर दोन माणसे पेटी घेऊन जेमतेम जातील.

"वळवतो," तो म्हणाला.

"ध्येनात ऱ्हाईल? का आनिक फुली चुकंल?"

"चुकायची न्हाय."

"थांब. दावतोच."

धुळाप्पाने काठी बाजूला ठेवली. आधी गुडघा टेकला, मग दुसरा, मग हात, आणि तो वाटेवर उताणा निजला. पाय नव्या मातीला लागतील असे सरकवले. छातीवर हात घेतले. डोळे मिटले.

"आसं. कळलं?"

"कळलं, बाबा."

तो तसाच पडून राहिला. जरा जास्तच वेळ. एक मुंगळा त्याच्या धोतरावरून चढून पलीकडे उतरला. लांब स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला आणि थांबला.

"ऊन लागतंय रं," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "उटीव मला."

जोतीरामने वाकून दोन्ही हात पुढे केले.