नववे पाऊल

“आठ कदम, अंकल. बस्स आठ. आठव्यावर ब्रदर तुम्हाले मिठीत घेतील,” असे माझ्या मित्राला, तेजरामला सांगत अनुरागने व्यासपीठाच्या फळीवर चुन्याचे वर्तुळ काढले.

अनुराग हा परप्रांतातून बालाघाटास आलेल्या, ‘ब्रदर’ म्हणवणाऱ्या चमत्कारी उपदेशकाचा व्यवस्थापक होता. मैदानात झालर लावलेल्या खुर्च्या, भिंतीएवढा पडदा आणि धूर सोडणारे यंत्र मांडले होते. ज्या प्रभूस जन्मतः गोठ्याहून बरी जागा मिळाली नाही, त्याच्या नावे हा थाट!

मी मात्र कोणत्या तोंडाने तिरस्कार करावा? तेजरामला सकाळच्या बसने उकव्याहून मीच आणले होते. तिथल्या मँगनीजच्या खाणीत बावीस वर्षांपूर्वी त्याचा डावा पाय दगडाखाली सापडला. तेव्हापासून तो कुबडीवर चालतो आणि दर रविवारी आमच्या लहानशा ख्रिस्ती देवळाची घंटा वाजवतो. घरात खाटेपासून माठापर्यंत आठ पावले तो कुबडीवाचून जातो, हे मीच अनुरागला सांगितले होते. त्याबद्दल मला ‘सेवक’ लिहिलेला सोनेरी काठाचा पट्टा मिळाला. दीड हात कापडासाठी मी मित्राच्या घरातली गोष्ट बाहेर विकली.

व्यासपीठामागे अपंगांसाठीची बॅटरीची तीनचाकी उभी होती. लाल, प्लास्टिकच्या वेष्टनातली. चमत्काराने पाय बरा झाल्याची साक्ष दिली की ती तेजरामची.

“पाय बरा झाल्यावर गाडी कायले, बापू?” तेजरामने विचारले.

“वो बाद में घर भेज देंगे. चुपचाप,” अनुराग म्हणाला.

तेजराम हसला, पण गाडीवरून त्याची दृष्टी हटेना. पावसाळ्यात चिखलातून देवळापर्यंत त्याची पत्नी अंजना त्याला खांदा देते. तिचा तो खांदा आता वर होत नाही.

“अंजना म्हणे, गाडी आणाच,” तो हळूच म्हणाला. “फकिरा, तुले काय वाटते?”

“आठ पावलं तू खरंच चालतं ना? मंग खोटं काय हाय त्यात?”

त्याने माझ्या पट्ट्याकडे पाहिले.

“सैतान बी प्रभूले मंदिराच्या टोकावर नेऊन असंच सांगत होता. टाक उडी, झेलणारे हायेत म्हणे.”

चार वाजता धूर सुटला, ढोल वाजले. अत्तराने माखलेला उपदेशक किंचाळला, “फेंक दे बैसाखी!” आणि कुबडी फेकण्याचे तेच फर्मान हजारो कंठांनी उचलले. तेजराम कुबडीसह चालू लागला. टक्, टक्. चुन्याच्या वर्तुळात कुबडी रोवून त्याने ध्वनिक्षेपक हाती घेतला.

“आठ पावलं मी काल बी चालत होतो. मागच्या साली बी. नववं आजही येत नाही. देवानं मले ही कुबडी देल्ली, तिले फेकून त्याचं नाव कसं घेऊ?”

मग ध्वनिक्षेपक बंद पडला, ढोल दुप्पट झाले.

“इसका विश्वास कमजोर है!” उपदेशकाने घोषणा केली, आणि आताच हालेलुया म्हणणाऱ्या त्या जिभा “उतारो इसको!” म्हणू लागल्या. अनुरागने त्याला दंडाला धरून पायऱ्यांखाली ढकलले, आणि लगेच तीनचाकीवर ताडपत्री ओढली.

आम्ही बसस्थानकापर्यंत चालत गेलो. तेजराम बाकावर टेकला तेव्हा त्याचा श्वास फुलला होता.

“अंजनाले काय सांगशील?” मी विचारले.

“जे झालं तेच. चिडंल. मंग खांदा देईल.” त्याने कुबडी बाकाला टेकवली. “तेच तर सहन होत नाही, फकिरा.”

त्याच्या कुबडीच्या रबरी टोकाला चुना लागला होता. आम्ही आलो त्या वाटेवर पांढरे गोल ठसे उमटले होते. मी गळ्यातला पट्टा काढला, खाली बसलो आणि सोनेरी काठाने ते टोक पुसू लागलो.

“राहू दे,” तेजराम म्हणाला, “उकव्याची गाडी लागली.”

मी पूर्ण पुसूनच उठलो. मग त्याच्या काखेत माझा खांदा दिला.