सुकीची खापरी

मी खोडाळ्याच्या सुकीची खापरी बोलतेय. नागलीची भाकरी भाजायचा मातीचा तवा म्हणजे मी. आता माझे दोन तुकडे झालेत, पण तक्रार अशी काही नाही.

ओढ्याकाठच्या चिकणमातीत बारीक रेती मळून सुकीनं मला थापलं आणि उन्हात सुकायला ठेवलं. राखणीला तिची नवी सून कविता बसली होती. पोरगी दहावी शिकलेली, पण या घरात अजून चुलीजवळही विचारून जायची. ती जरा आत गेली आणि शेळीनं पाण्याचा हंडा लवंडला. बघता बघता माझा चिखल झाला.

कविताला रडू फुटलं. "आत्या, मी सगळं नासवलं."

सुकीनं मला बोटानं चाचपलं. "नासतंय कशाला? भाजली कुठं होती अजून? पुन्हा थापू."

त्याच चिखलातून मी पुन्हा उभी राहिले. या वेळी कडा कवितानं सारख्या केल्या.

मग पेंढा आणि गोवऱ्या रचून सुकीनं मला भाजलं. त्या धगीत माझ्या आत काहीतरी कायमचं बदललं. बाहेर निघाले ती लाल होऊन. टिचकी मारली की खणखणायचे.

पुढं किती भाकऱ्या भाजल्या, कोण जाणे. एका सकाळी घाईत कवितानं माझ्या तापल्या अंगावर गार पाणी ओतलं आणि मी तडकले. तिनं तुकडे घमेल्यात भिजत घातले. माती झाली की पुन्हा थापायची, असा तिचा बेत. दुसऱ्या दिवशी बघते तर मी होते तशीच.

कवितानं तुकडा हातात घेऊन नखानं खरवडून पाहिला. मग एकदम म्हणाली, "आत्या, शाळेत शिकवलेलं आता कळलं! पाण्यानं हिचा चिखल झाला तो भौतिक बदल, माती मातीच राहिली. भाजली तो रासायनिक बदल. ही आता माती राहिलीच नाही, वेगळाच पदार्थ झालाय. मग भिजून माती कशी होणार?"

"असं होय?" सुकी हसली. "मग पुढची खापरी तूच कर. माझी मनगटं दुखतात."

कविताची पहिली खापरी एका बाजूला जाड झाली. तिच्यावरची भाकरी अर्धी करपली. सुकीनं ती सगळी खाल्ली.

माझ्या मोठ्या तुकड्यात आता कोंबडीची पिलं पाणी पितात. तुमच्या घरी कधी खापरी आलीच, तर तापल्यावर तिच्यावर गार पाणी तेवढं ओतू नका.

काल शेजारची गोजाबाई अंगणात आली. "सुके, एखादी खापरी देशील का गं?"

सुकी जागची हलली नाही. "मला काय विचारतेस? कविताला विचार."