याद ठेवू का?

राजेश्वरच्या कानाखाली एक वाजवावी असं त्या शनिवारी मला मनापासून वाटलं. राजेश्वर माझा धाकटा भाऊ. दोन हजार चार साली त्यानं गेवराईच्या बसस्टँडमागे नेट कॅफे काढलं होतं, आणि मी शिकवायचे ती चकलांब्याची शाळा शनिवारी लवकर सुटली की लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून मी तिथं माझी मेल बघायला जायची. त्या दिवशी खुर्चीत बसते तोच पडद्यावर माझं नाव, आणि त्याखालच्या चौकटीत पासवर्डचे काळे ठिपके आधीच हजर! मागच्या खेपेला कम्प्युटरनं 'पासवर्ड लक्षात ठेवू का' असं विचारलं, तेव्हा या शहाण्यानं माझ्या खांद्यावरून हात घालून 'हो' दाबलं होतं.

"कावून चिडतीस, अक्का? घरचाच कम्प्युटर हाय की. अन् नुस्ते ठिपके दिसतेत, अक्षर कुणालाच वाचता येत न्हाई."

"पूस ते. माझ्यासमोर."

त्यानं पुसलं.

तो पासवर्ड म्हणजे एक नाव होतं. ते मी इथंही लिहिणार नाही. त्या शनिवारच्या सहा वर्षं आधी मला मुलगी झाली, ती रडलीच नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मी नणंदेकडे बघितलं, तर ती उंबऱ्याशी पदर तोंडाला लावून गप्प उभी, आणि सासूबाई म्हणाल्या, "न रडलेल्या लेकराला कशाचं आलंय नाव?" नवऱ्यानं मान खाली घातली. दिवस मावळायच्या आत तिला मातीत ठेवून सगळे परत आले आणि जेवायला बसले. जेवले! त्या जेवणाचा राग माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही.

मी ठरवलेलं नाव मी कुणाला सांगितलं नाही, एकटी असतानाही कधी मोठ्यानं उच्चारलं नाही. पुढे राजेश्वर म्हणाला, कुणाच्या बापालाही कळणार नाही असा शब्द टाक, तेव्हा माझ्या बोटांनी आपसूक तेच टाकलं. तिला या जगात एवढीच जागा मिळाली होती.

पुढच्या शनिवारी ठिपके परत आले होते. राजेश्वरनं महादेवाची आण घेतली. मी उठून कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर गेले, जिथं मी आयुष्यात कधी बसले नव्हते, तर तिथंही चौकट भरलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ धडधडीत खोटं बोलतोय, चोरून माझी मेल वाचतोय, अशी माझी खात्रीच झाली, आणि त्या तिरमिरीत मी पासवर्डच बदलून टाकला. तिच्या नावाच्या जागी शाळेचं नाव. तिला दुसऱ्यांदा मातीत ठेवलं, तेही माझ्याच हातांनी, असं वाटून मला राजेश्वरचा आणखीच संताप आला.

लगेच ती छोटी खिडकी उघडली. लक्षात ठेवू का? मी 'नाही' दाबलं. खिडकी मिटली आणि पुन्हा उघडली. नाही. पुन्हा उघडली, आणि आता चौकटीत शाळेच्या लांबलचक नावाऐवजी जुनेच, मोजके ठिपके होते.

"राजेश्वर! काय खेळ लावलायस हा?"

कॅफेत आम्ही दोघंच होतो. तो गल्ल्यावरून धावत आला, वायर हलवून बघितली, दोन बटणं दाबून बघितली. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्या कायबी केलं न्हाई, अक्का. ते नुस्तं इचारतंय. याद ठेवू का, म्हणतंय."

नुस्तं विचारतंय! नवऱ्यानं विचारलं नव्हतं, सासूनं नाही, नणंदेनं नाही. माहेरी आले तेव्हा माझ्या आईनंसुद्धा 'इसर आता' एवढंच सांगितलं होतं. एकानं, एका तरी माणसानं मला विचारायला काय हरकत होती? माझं डोकंच फिरलं.

"ठेव!" मी ओरडले आणि 'हो' दाबलं.

ठिपके एकेक करून विरले आणि त्यांच्या जागी अक्षरं उमटत गेली. मी हातानं पडदा झाकणार, तोवर माझ्या खांद्यामागून वाकलेल्या राजेश्वरनं ते नाव मोठ्यानं वाचलं. माणसाच्या तोंडून, पहिल्यांदाच.

पलीकडच्या रिकाम्या केबिनीतून कुणीतरी ओ दिली.