तांत्रिक वेळ

"मेला बघा पुन्हा!" सिस्टर म्हणाली आणि काळा पडलेला फोन तिने पलंगाच्या कडेला आपटला नाही इतकंच.

पट्टी अर्धी उलगडलेली होती. ड्रायव्हरकाकांचा डावा पाय तिच्या मांडीवरच्या रबरी कापडावर होता. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. सकाळी सातला शंभर टक्के भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंतही टिकली नव्हती.

काका आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. साखरेच्या आजाराने डाव्या पायाचं एक बोट गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. ते म्हणाले, "आमच्या डेपोत अशी एक गाडी होती. चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायची."

"त्या गाडीपायी तुमची हजेरी तरी कापत नव्हते ना? इथे फोन बंद पडला की मी गैरहजर!"

खरोखरच तसं होतं. घरोघर जाऊन रुग्णांची जखम, पट्टी, इंजेक्शन बघणाऱ्या नर्सेसची ती संस्था होती आणि तिचा सगळा कारभार एका ॲपवर चालायचा. फोन ज्याचा त्याचा, ॲप संस्थेचं. प्रत्येक रुग्णाला बारा मिनिटं. ती संपायच्या आत 'पूर्ण' हे बटण दाबायचं, जखमेचा फोटो आणि फॉर्म पाठवायचा आणि हिरवी खूण येईपर्यंत रुग्णाचं घर सोडायचं नाही. ॲप दिवसभर नर्सचा माग काढत राहायचं, त्यामुळे फोन इतका तापायचा की पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवावा लागे. तो दुपारी बंद पडला की पुढच्या भेटी, सिस्टरने कितीही मन लावून केल्या तरी, झाल्याच नाहीत असं धरलं जाई. तिला दोन इशारापत्रं आली होती. तिसरं आलं की यादीतून नाव कमी होणार होतं.

सव्वीस वर्षांची नोकरी होती तिची. पहिली एकोणीस एका इस्पितळाच्या वॉर्डात, ते बंद पडल्यावर सात या संस्थेत. इतक्या वर्षांत तिने दिलेल्या एकाही इंजेक्शनची गाठ झाली नव्हती, आणि आता तिची लायकी ठरत होती बॅटरीवर. नवा फोन घ्या, असा संस्थेचा सल्ला होता. तो ऐकला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. चार वर्षांचा फोन यांना म्हातारा वाटतो, मग बावन्न वर्षांच्या बाईचं हे काय करतील?

त्या संध्याकाळी ती धाकट्या जावेच्या टपरीवर गेली. जाऊ मोबाईल दुरुस्त करायची. बाजारपेठेच्या तोंडाशी तिची चार फूट रुंद जागा होती. समोर काच, मागे स्क्रूड्रायव्हर, आणि बोलण्यात कुणाचीही भीडभाड नाही. लोक म्हणायचे जावाजावांचं पटत नाही. या दोघींचं पटायचं, फक्त सासूसमोर ते दाखवायचं नाही असा वीस वर्षांपूर्वी करार झाला होता, आणि सासू जाऊनही सवय सुटली नव्हती.

"बॅटरी ठीक आहे, ताई," जाऊ फोन उघडून म्हणाली. "खाणारा दुसराच आहे. फोनच्या पोटात एक मुकादम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. कुठल्या कामाला किती मजूर लावायचे, त्यांना किती पळवायचं, हे तो ठरवतो. कंपनीने बसवलेला हा मुकादम अर्धवट आहे. तुम्ही नुसतं घड्याळ बघितलं तरी आठही मजुरांना चाबूक मारून पळवतो."

"मग काढून टाक त्याला."

"काढते. काही हौशी लोक स्वतः मुकादम लिहितात आणि फुकट देतात. तुमच्या फोनसाठी एक चांगला आहे माझ्याकडे. चार मजूर झोपवून ठेवू, उरलेल्या चौघांना सांगू, सावकाश चाला. पण एक आहे. कंपनीने फोनला घातलेलं कुलूप काढलं की ती हात वर करणार, आणि मध्येच गडबड झाली तर फोनचा दगड होईल."

"आत्ता तरी काय आहे? तापणारा दगड!"

जाऊने आधी फोटो आणि नंबर काढून ठेवले, मग कुलूप उघडलं आणि नवा मुकादम बसवला. उत्साहाच्या भरात मजुरांच्या वेगाचा आकडा ठेवला सहाशे. दुसऱ्या दिवशी फोन इतका सुस्त झाला की, कोण बोलावतंय हे पडद्यावर उमटेपर्यंत समोरचा कंटाळून फोन ठेवून द्यायचा. ऑफिसचे सहा फोन हुकले. सिस्टरने टपरीवर जाऊन जावेची यथेच्छ हजेरी घेतली. मग आकडा चढवत चढवत नऊशे साठवर आणला, आणि तिथे फोन माणसात आला. खुद्द कंपनीने तो दोन हजारांवर पळवला होता.

त्या दिवशी शेवटची भेट आटोपून सिस्टर घरी पोचली तेव्हा बॅटरी एक्केचाळीस टक्के होती. फोन गार होता. तिने तो उगीचच गालाला लावून बघितला.

तोटा एकच होता. फॉर्म पाठवायला पूर्वी पाऊण मिनिट लागे, आता सात मिनिटं लागायची. पडद्यावर चक्र फिरत राही. 'पूर्ण' दाबल्यावर बारा मिनिटांचं घड्याळ थांबायचं आणि पुढचा वेळ ॲप स्वतःच 'तांत्रिक वेळ' म्हणून वेगळा धरायचं. नियमाने घर सोडता येत नव्हतं आणि करायला काही नव्हतं. पहिले दोन दिवस ती चक्राकडे डोळे वटारून बसली. तिसऱ्या दिवशी एका आजींचे केस विंचरून दिले. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला होता आणि सूनबाईंना वेळ नसायचा. आजींनी डोकं हळूहळू मागे टेकवलं. सिस्टरला एकदम वॉर्डातले दिवस आठवले. रुग्ण म्हणजे आख्खा माणूस असायचा ते दिवस. आपण गेली सात वर्षं नुसत्या जखमा बघत फिरतोय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर तिच्या पर्समध्ये कंगवा, नेलकटर आणि मलमाची डबी आली.

तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांच्या डाव्या पायाची पट्टी झाली, चक्र फिरायला लागलं आणि ती म्हणाली, "द्या तो दुसरा पाय. नखं केवढी वाढलीत!"

"अहो, तो चांगला आहे. त्याला कशाला हात लावताय?"

"गाडीचं एकच चाक बघायचात का तुम्ही?"

काकांनी मुकाट्याने पाय पुढे केला. करंगळीच्या बेचक्यात डाळीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. काकांना पत्ताच नव्हता, त्या पायाला संवेदनाच उरली नव्हती. सिस्टरने तिथल्या तिथे त्यांच्या मुलीला फोन लावला आणि त्याच दुपारी त्यांना इस्पितळात पाठवलं. आणखी चार दिवस गेले असते तर पाऊल कापावं लागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आठवड्याभरात काका दोन्ही पावलांनिशी घरी आले.

महिनाअखेरच्या बैठकीत सिस्टरची हजेरी शंभर टक्के म्हणून टाळ्या वाजल्या. पुढच्याच आठवड्यात तिला निरीक्षकांनी बोलावलं. त्यांचं वय तिच्या नोकरीएवढं असेल. बाकीच्या नर्सेस आठवड्याचं सामान घ्यायला आल्या होत्या, त्या दारापाशी घुटमळत राहिल्या.

निरीक्षकांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "सिस्टर, तांत्रिक वेळ सगळ्यांचा पाऊण मिनिट आहे. तुमचा सात मिनिटं दहा सेकंद. रोज अठरा भेटी धरा. दोन तास वाया."

"वाया नाही गेले, सर."

"फोनमध्ये बिघाड आहे का?"

"नाही. मुद्दाम हळू केलाय."

ती कानावर हात ठेवेल अशी निरीक्षकांची अपेक्षा होती. "मुद्दाम?"

"हो. तुमचं ॲप फोनला पळवून पळवून मारत होतं. आता सावकाश चालतो, पण शेवटच्या घरापर्यंत माझ्याबरोबर येतो. अठराच्या अठरा भेटी होतात. मला घरी जायला उशीर होतो, तो माझा मी बघते."

"आणि त्या सात मिनिटांत तुम्ही काय करता?"

"नखं कापते. केस विंचरते. बोलते. ड्रायव्हरकाकांच्या उजव्या पायाचा काळा डाग मला त्याच वेळात दिसला."

निरीक्षकांनी दोन बटणं दाबून बघितलं. "त्यांच्या फॉर्ममध्ये फक्त डावा पाय आहे. उजव्या पायाचा रकानाच नाही."

"तेच तर सांगतेय मी."

दारापाशी कुणीतरी फिसकन हसलं. निरीक्षकांचे कान लाल झाले. ते वाईट नव्हते, त्यांच्या डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं आणि त्याच्याही डोक्यावर आणखी कुणीतरी. "हे बघा, उद्या सकाळी नऊपर्यंत फोन पहिल्यासारखा करून घ्या. किंवा नवा घ्या. नाहीतर मला तुमचं खातं बंद करावं लागेल."

"पहिल्यासारखा केला तर बारा वाजता बंद पडेल."

"म्हणून तर नवा घ्या म्हणतोय."

"नवा घेतला, तर त्यालाही नऊशे साठच लावीन."

ती उठली. जिन्यावर एका नर्सने तिचा दंड धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, "किती म्हणालात? नऊशे किती?"

"साठ," सिस्टर म्हणाली. दबक्या आवाजात नव्हे, वरपर्यंत ऐकू जाईल असं.

रस्त्यावर आल्यावर मात्र तिने हिशेब मांडला. बावन्नाव्या वर्षी कोण काम देतं? नवऱ्याचं वर्कशॉप कधी चालायचं, कधी नाही. बोलताना तोंडाला लगाम नव्हता, हे सगळं आता सुचत होतं. ती तशीच टपरीवर गेली.

जाऊने सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच तिने चेष्टा केली नाही. "ताई, अर्धा तास लागेल मला. जुना मुकादम ठेवलाय जपून. आणि पर्समध्ये ठेवायला चार्जर देते, दुपारी कुणाच्या तरी घरी लावा. नोकरी आहे, मान खाली घातली म्हणून कुणी मरत नाही."

सिस्टरने फोन काचेवर ठेवला. जाऊने तार जोडली. पडद्यावर प्रश्न आला, हो की नाही. जाऊचं बोट 'हो'वर गेलं आणि सिस्टरला डाळीच्या दाण्याएवढा तो ठिपका दिसला. तिने पुढे होऊन तार उपटली.

"राहू दे."

"ताई!"

"राहू दे म्हटलं ना. सात वर्षं त्यांच्या वेगाने पळाले. एकाही माणसाचा दुसरा पाय बघितला नाही मी."

जाऊने तार गुंडाळली आणि म्हणाली, "उगाच नाही सासूबाई तुम्हाला घाबरायच्या."

सकाळी नऊला सिस्टर ड्रायव्हरकाकांच्या पायरीवर चपला काढत होती, तेव्हा पर्समध्ये फोन थरथरला. ॲप उघडलं. रुग्णांची यादी नव्हती. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती, 'आपले खाते बंद करण्यात आले आहे.' वर कोपऱ्यात बॅटरी, सत्त्याण्णव टक्के. तिने दुसरी चप्पल काढली. मग आत जाऊन तिने साबणाने हात धुतले, नेहमीसारखे, कोपरापर्यंत.

डावा पाय झाला. जखम छान लाल दिसत होती, भरून येत होती. तिने पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलं आणि सवयीने फोन पलंगावर ठेवला.

"आली का हिरवी खूण?" काकांनी विचारलं. लांबचं त्यांना नीट दिसत नसे.

सिस्टरने पडद्याकडे बघितलं.

"नाही हो, काका. वेळ लागेल अजून."

"लागू दे की," काका म्हणाले आणि त्यांनी उजवा पाय पुढे केला. तिने तो मांडीवर घेतला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि एकेक बोट बाजूला करून बघू लागली.